शोकनायक ते रुग्णमित्र : मराठी साहित्यातील व्यसनाची जाणीव

१

'व्यसन' हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला. परंतु घेताना त्याच्या अर्थाचा अर्धाच भाग उचलला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे. त्यात मृगया, द्यूत, स्त्री आणि पान यांची चर्चा येते; तशीच अग्नी, महापूर, रोगराई आणि दुष्काळ यांचीही येते. म्हणजे जो शब्द राजाच्या दुर्वर्तनासाठी वापरला गेला, तोच राज्यावर कोसळणाऱ्या आपत्तीसाठीही वापरला गेला. व्यसन हा एकाच वेळी दोषही होता आणि संकटही होते. पुढे मराठीच्या नित्य व्यवहारात संकटाचा अर्थ जवळजवळ लोपला आणि दोषाचा तेवढा उरला. 'दारुड्या', 'बेवडा', 'गर्दुल्ला' ही नामे याच उरलेल्या अर्थातून घडली आहेत. त्यांत माणसाचे वर्णन नाही, निकाल आहे.

मराठी साहित्याने व्यसनी माणसाकडे कसे पाहिले, हा प्रश्न या हरवलेल्या अर्थाशी निगडित आहे. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'पासून अनिल अवचट यांच्या 'गर्द' आणि 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकांपर्यंतचा प्रवास पाहिला, तर तो केवळ विषयाच्या नव्या माहितीचा प्रवास नाही, असे ध्यानात येते. तो घाटाचाही प्रवास आहे. व्यसनी माणसाचा अधःपात सांगण्यासाठी मराठीला एक समर्थ घाट फार लवकर सापडला. त्याच्या बरे होण्याची हकीकत सांगण्यासाठी लागणारा घाट मात्र सापडायला आणखी सहा-सात दशके जावी लागली. आणि तो रंगभूमीवर किंवा कादंबरीत नव्हे, तर साध्या वृत्तगद्यात सापडला. असे का झाले, याचा विचार वाङ्मयीन दृष्टीने आवश्यक आहेच; परंतु तो तेवढ्यापुरता मर्यादित राहत नाही. ज्या घरात व्यसनी माणूस असतो त्या घरातील माणसे आपले दुःख कोणत्या तरी कथेच्या साच्यातच समजून घेतात, आणि तो साचा त्यांना बहुधा साहित्याने व रंगभूमीने दिलेला असतो.

२

'एकच प्याला'च्या मागे मद्यपानविरोधी विचाराची दीर्घ पार्श्वभूमी होती. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीला हरकत घेतली होती. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर स्वयंसेवकांनी निरोधन केले. दारूबंदी हा अशा रीतीने समाजसुधारणेचा आणि राष्ट्रकारणाचा समाईक विषय झाला होता. या सर्व विचारात दारू ही बाहेरून आलेली, सरकारने महसुलासाठी पसरवलेली आणि म्हणून बाहेर घालवता येणारी वस्तू होती. दुकान बंद केले की प्रश्न संपतो, अशी त्यामागील श्रद्धा होती. पिणाऱ्याच्या अंतरंगात काय घडते, हा प्रश्न चळवळीने विचारला नाही. आणि चळवळीचे ते कामही नव्हते.

तो प्रश्न गडकऱ्यांनी विचारला. त्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी झाले आणि त्यानंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची होती आणि सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. या प्रयोगाने मराठी मनावर जो ठसा उमटवला तो आजही पुसला गेलेला नाही. मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवणारे बोधपर नाटक, अशी त्याची ओळख शालेय पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून इतकी रूढ झाली आहे की, मूळ संहिता याहून बरेच काही सांगते याचा विसर पडावा.

सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि स्वकष्टाने वर आलेला वकील आहे. न्यायालयातील अपमान आणि सनद काही काळापुरती रद्द होणे या आघाताने तो विव्हळ होतो, आणि त्याचाच कारकून तळीराम त्याला विस्मृतीसाठी एक प्याला देऊ करतो. इथपर्यंतची रचना बोधकथेची आहे. परंतु पुढे सुधाकर आपला मित्र रामलाल याच्याजवळ मद्यपीच्या अवस्थांचे जे विवेचन करतो, ते बोधकथेत मावणारे नाही. सोडणे शक्य असते तेव्हा सोडावेसे वाटत नाही आणि सोडावेसे वाटते तेव्हा ते शक्य राहिलेले नसते, हे त्या विवेचनाचे सार आहे. इच्छाशक्तीचा ऱ्हास हा व्यसनाचा केवळ परिणाम नाही, तो व्यसनाचा गाभाच आहे, हे गडकऱ्यांनी ओळखले होते. अमेरिकेतील वैद्यक संघटनेने मद्यासक्ती हा आजार म्हणून मान्य केला १९५६ साली, आणि जेलिनेक यांचा मद्यासक्तीच्या आजारस्वरूपाची मांडणी करणारा ग्रंथ आला १९६० साली. हे लक्षात घेतले म्हणजे मराठी नाटककाराच्या निरीक्षणाचे मोल कळते.

त्याहूनही महत्त्वाचा आहे तो सुधाकराच्या पुनःपतनाचा भाग. सुधाकर एकदा खरोखरच दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो शुद्धीवर येतो, कामाच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारी जातो आणि तेथे त्याची संभावना अवहेलनेने होते. त्या अवहेलनेतून तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. समीक्षकांनी या प्रसंगाकडे बहुधा कथानकातील एक पायरी म्हणून पाहिले आहे. वस्तुतः तो नाटकाचा मर्मबिंदू आहे. पिणाऱ्या सुधाकराला 'आर्यमदिरामंडळा'त जागा आहे. न पिणाऱ्या सुधाकराला कोठेही जागा नाही. ज्या समाजाने त्याने दारू सोडावी अशी अपेक्षा केली, त्याने सोडल्यानंतरच्या माणसासाठी काहीही राखून ठेवलेले नाही.

३

एवढे सूक्ष्म निरीक्षण असूनही 'एकच प्याला'चा प्रेक्षक घरी नेतो ते निराळेच. याचे कारण नाटकाच्या घाटात आहे. गडकऱ्यांसमोर आदर्श होता तो शेक्सपियरच्या शोकात्मिकेचा. तिचा नायक थोर असतो, त्याच्या ठिकाणी एक वैगुण्य असते आणि त्या वैगुण्यातून त्याचा अटळ विनाश होतो. शोकात्मिकेला परतीचा रस्ता नसतो. असला तर ती शोकात्मिका राहत नाही. म्हणून सुधाकराचा निश्चय मोडणे जसे मानसशास्त्राच्या दृष्टीने खरे आहे, तसेच ते घाटाच्या दृष्टीने अपरिहार्यही आहे, आणि प्रेक्षकाला या दोहोंतील भेद कळत नाही. एकदा निश्चय मोडला म्हणजे सर्व संपले, असा जो अर्थ त्यातून निघतो तो जीवनाचा नाही, नाट्यप्रकाराचा आहे.

याच काळात बंगालीत शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'देवदास' ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. चित्रपटामुळे देवदास भारतभर पसरला आणि पिऊन मरणे हे प्रेमाच्या उत्कटतेचे प्रमाणपत्र ठरले. सुधाकर आणि देवदास यांच्यांत फरक पुष्कळ आहे. सुधाकराच्या दारूत रोमँटिकतेचा लेश नाही. पण दोघांच्याही कथांनी एक समजूत पक्की केली : मद्यपीच्या कथेला मृत्यूखेरीज दुसरा शेवट नाही.

शीर्षकाचेही असेच झाले. पहिल्या एका प्याल्याने माणूस बुडतो, हा नियम म्हणून पाहिला तर खरा नाही. दारूची चव घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसे तिच्या पूर्ण अधीन होत नाहीत. आनुवंशिकता, मनाची घडण, वय, सोबत आणि परिस्थिती या अनेक घटकांच्या संयोगातून व्यसन जडते. परंतु ज्याला ते एकदा जडले आहे आणि ज्याने ते सोडले आहे, त्याच्या बाबतीत मात्र शीर्षक शब्दशः खरे ठरते. अनेक वर्षे न प्यायलेल्या माणसाला एकच प्याला पूर्वीच्या ठिकाणी नेऊन सोडू शकतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या मद्यपींच्या संघटनेचा तर हा पायाच आहे. गडकऱ्यांचे शीर्षक सुरुवात करणाऱ्याला भय घालण्यासाठी वापरले गेले. ते सोडलेल्याच्या सावधतेसाठी वापरले गेले असते, तर अधिक सार्थ झाले असते.

वैद्यक या नाटकात ठळकपणे येते ते कसे, हेही पाहण्याजोगे आहे. तळीरामाच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर यांची जी जुगलबंदी होते, ती उत्तम प्रहसन आहे. रोगी मरणपंथाला लागला आहे आणि दोन शास्त्रे परस्परांना हास्यास्पद ठरवत आहेत. सुधाकराच्या व्यसनावर उपचार होऊ शकेल काय, हा प्रश्न मात्र नाटकात कोठेही उभा राहत नाही. त्याला उपदेश मिळतो, शपथा मिळतात, अश्रू मिळतात. उपचार ही कल्पनाच त्या जगात नाही. याबद्दल नाटककाराला दोष देता येणार नाही. त्या काळी ती महाराष्ट्रातही नव्हती. परंतु नाटक शंभर वर्षे पाहिले गेले आणि काळ बदलल्यावरही प्रेक्षकांच्या मनातले ते जग बदलले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

सर्वांत खोल परिणाम झाला तो सिंधूचा. दुसऱ्यांची दळणे दळून संसार चालवणारी, पतीविरुद्ध शब्द न उच्चारणारी, त्याच्याच हातून झालेल्या आघाताने मरताना त्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देणारी सिंधू मराठी प्रेक्षकाने पूज्य मानली. बालगंधर्वांच्या स्वरांनी त्या सोसण्याला अलौकिक सौंदर्य दिले. आज व्यसनाच्या उपचारात असे मानले जाते की, व्यसनी माणसाच्या चुका झाकणारे, त्याची उसनवारी फेडणारे, कचेरीत त्याच्या आजारपणाची खोटी चिठ्ठी पाठवणारे घरचे प्रेम नकळत व्यसनालाच आधार देत असते. या दृष्टीने पाहता सिंधूची जबानी ही पातिव्रत्याची परिसीमा असेल, पण ती झाकण्याचीही परिसीमा आहे. नाटकातच तिला प्रतिपक्ष आहे : तळीरामाची बायको गीता. ती बोलते, भांडते, नवऱ्याचे खरे रूप चारचौघांत सांगते. गडकऱ्यांनी दोघींना एकाच कथेत आणले, याचा अर्थ प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांना दिसत होत्या. परंपरेने सिंधूला देव्हाऱ्यात बसवले आणि गीतेला विनोदी प्रवेशांत सोडून दिले. ही निवड रसिकांची होती, आणि तिची किंमत कित्येक घरांतील स्त्रियांनी मोजली.

४

दारूबंदीच्या कायद्याने (मुंबई राज्याचा कायदा १९४९ सालचा) हा विषय काही काळ शासनाकडे गेला. साहित्यात त्याचे रूप बदलले ते दलित आत्मकथनांनी. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) वडिलांची दारू येते ती मुंबईच्या कावाखान्याच्या अपरिहार्य भागासारखी. तेथे थोर नायक नाही, अधःपात नाही. कारण खाली पडण्यासाठी आधी जी उंची लागते ती समाजाने दिलेलीच नाही. कष्ट, दाटी, अपमान आणि दारू एकाच श्वासात सांगितली जातात. सुधाकराच्या कथेत दारूने घर उद्ध्वस्त होते. येथे आधीच उद्ध्वस्त केलेल्या जगण्यात दारू शिरते. हा दृष्टिकोन 'एकच प्याला'ला पूरक आहे आणि त्याची टीकाही आहे. तरी आत्मकथनांचा रोख समाजव्यवस्थेवर होता. व्यसन हा स्वतंत्र आकलनाचा विषय तेथे झाला नाही, आणि तशी अपेक्षाही गैर ठरेल.

तो झाला १९८०च्या दशकात, आणि दारूच्या नव्हे तर गर्दच्या निमित्ताने. ब्राउन शुगर या नावाने ओळखले जाणारे अशुद्ध हेरॉइन या दशकाच्या आरंभी मुंबईत व पाठोपाठ पुण्यात पसरले. दारूच्या व्यसनाला जी वर्षे लागत तेथे गर्दला काही आठवडे पुरत. पंधरा-वीस वर्षांची मुले घरातील भांडी विकू लागली. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ साली आला. पण कायद्याला गुन्हेगार दिसत होता, त्या मुलाचे काय करायचे हे त्याच्याजवळ नव्हते. या वेळी अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातील मुलांना, त्यांच्या आईवडिलांना भेटून जे लिहिले ते 'गर्द' या नावाने पुस्तकरूपाने आले.

अवचट (१९४४–२०२२) शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने पत्रकार. 'पूर्णिया'पासून त्यांनी मराठीत एक वेगळे गद्य रुजवले होते : लहान वाक्ये, विशेषणांचा संकोच, निष्कर्षाची घाई नाही, समोरच्या माणसाला बोलू देणे. हमाल, विडीकामगार, भटके यांच्याविषयी लिहिताना वापरलेली हीच रीत त्यांनी गर्दुल्ल्यांसाठी वापरली, आणि तीच त्या लेखनाची मोठी वाङ्मयीन कृती ठरली. ज्याच्याकडे समाज तिरस्काराने किंवा भीतीने पाहत होता त्याच्याकडे कुतूहलाने पाहिले गेले. पुडी कशी मिळते, ती कशी ओढतात, मिळाली नाही तर 'टर्की' कशी येते — अंग कसे मोडते, नाकाडोळ्यांतून पाणी कसे वाहते, झोप कशी उडते — हे कळले, म्हणजे तो मुलगा चोरी का करतो याचे उत्तर नीतीच्या पुस्तकात शोधावे लागत नाही. गडकऱ्यांच्या भाषेचा धबधबा आणि अवचटांच्या भाषेचा संथ ओघ यांत श्रेष्ठकनिष्ठ भाव शोधण्याचे कारण नाही. एकाला विनाशाची भव्यता दाखवायची होती; दुसऱ्याला भव्यता काढून टाकून माणूस दाखवायचा होता.

या लेखनाचा परिणाम वाङ्मयाच्या इतिहासात विरळा म्हणावा असा झाला. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ म्हणून येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मराठीतील सर्वांत मोठ्या विनोदकाराचा हातभार या कामाच्या आरंभाला लागावा, यात एक औचित्य आहे. 'एकच प्याला'त विनोद होता तो मद्यपींच्या मंडळात. येथे तो मद्यपींना बाहेर काढणाऱ्यांच्या मदतीला आला.

५

निवासी उपचाराचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकाचे वाङ्मयीन वेगळेपण लक्षात येणार नाही. दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या माणसाने घरच्या घरी एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत त्याला कंप सुटतो, भास होतात, झटके येऊ शकतात, आणि क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून पहिला टप्पा शरीर विषमुक्त करण्याचा, आणि तो वैद्यकीय देखरेखीखालीच पार पडावा लागतो. पण शरीर स्वच्छ होणे हा उपचाराचा आरंभ झाला. खरे काम त्यानंतरचे : समुपदेशन, गटचर्चा, व्यायाम, नियमित झोप व जेवण, श्रम, आणि कुटुंबाशी बोलणे. मुक्तांगणात हा क्रम सुमारे पाच आठवड्यांचा असतो. तेथे दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हटले जाते, आणि समुपदेशकांपैकी अनेक जण स्वतः एकेकाळी त्याच वाटेने आलेले असतात.

राहण्यासाठी वेगळी जागा कशासाठी, याचे उत्तर सुधाकराच्या पुनःपतनात आहे. निश्चय करूनही तो राहिला त्याच घरात, त्याच गल्लीत, त्याच 'मंडळा'च्या हाकेच्या अंतरावर. आणि जे पिणारे नव्हते त्यांनी दार लावून घेतले. निवासी केंद्र त्याला काही आठवडे दुसरे मंडळ देते. 'आर्यमदिरामंडळ' आणि व्यसनमुक्ती केंद्रातील गटाचे वर्तुळ यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन्हीकडे पिणारी माणसे एकत्र बसून बोलतात. मंडळातले बोलणे वक्तृत्वाचे असते. ते समर्थने रचते, मोठमोठे शब्द वापरते, सत्याला झाकते, आणि गडकऱ्यांनी त्याचे विडंबन अतुलनीय केले आहे. वर्तुळातले बोलणे अडखळत येते. बायकोच्या बांगड्या कधी विकल्या, मुलाच्या फीचे पैसे कोठे गेले, हे तेथे साध्या शब्दांत सांगावे लागते, आणि ऐकणारे तिरस्कार करीत नाहीत. कारण त्यांनीही तेच केलेले असते. एका ठिकाणी भाषा ही नशेचा भाग आहे. दुसऱ्या ठिकाणी ती उपचाराचा भाग आहे.

अवचटांच्या साध्या गद्याचे मर्म येथे उमगते. ती शैली त्या वर्तुळातल्या बोलण्याशी सजातीय आहे. अलंकाराने सजवलेले वाक्य तेथे खोटे ठरले असते. डॉ. अनिता अवचट यांचे जे चित्र त्या पुस्तकातून उभे राहते तेही याच स्वराचे आहे : विश्वास टाकणारी, चुकलेल्याला पुन्हा दार उघडणारी, पण खोटे चालवून न घेणारी व्यक्ती. स्वतः कर्करोगाशी झुंजत त्यांनी हे काम उभे केले आणि १९९७ साली त्यांचे निधन झाले. लेखक त्यांचा पती असूनही लेखन चरित्रगौरवाकडे झुकत नाही, हा त्याचा संयम नोंदण्याजोगा आहे.

घाटाचा प्रश्न येथे सुटतो. शोकात्मिकेचे एकक आहे प्याला. बरे होण्याच्या कथेचे एकक आहे दिवस. 'आज प्यायची नाही' एवढाच निश्चय येथे अपेक्षित असतो. जन्मभराची शपथ मागितली जात नाही. न पिता गेलेल्या वर्षांचा वाढदिवस साजरा होतो. कोणी घसरला तर त्याला अखेर मानत नाहीत. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. अशा कथेला उत्कर्षबिंदू नसतो आणि अंतही नसतो. आवर्तन हाच तिचा न्याय असतो. नाटकाला आणि पारंपरिक कादंबरीला हे पेलत नाही. कारण ज्या दिवशी काहीच घडले नाही तोच येथे सर्वांत यशस्वी दिवस असतो. छोट्या छोट्या हकीकतींची माळ गुंफणाऱ्या वृत्तगद्याला मात्र तो सहज पेलतो. पुढे तुषार नातू यांनी 'नशायात्रा'मधून स्वतःची कथा सांगितली आणि 'बेवड्याची डायरी' लिहिली, तेव्हा दैनंदिनीचा घाट त्यांना जवळचा वाटला, हा योगायोग म्हणता येणार नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकात शिवी ठरलेला शब्द लेखक स्वतःच स्वीकारतो. निकालाचा शब्द तेथे निवेदकाचा होतो, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

आणि सिंधूचे काय? मुक्तांगणात रुग्णमित्रांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट चालतो. तेथे त्या एकमेकींना सांगतात ते सिंधूने कधीच कोणाला सांगितले नाही. त्यांना झाकणे थांबवायला शिकवले जाते, आणि स्वतःच्या जगण्याकडे पाहायलाही. मराठी कल्पनेने शंभर वर्षांपूर्वी गीतेला जी जागा नाकारली ती येथे, साहित्याच्या बाहेर, तिला मिळाली आहे.

६

या परंपरेचे मूल्यमापन करताना दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, कलाकृतीकडून उपचाराची अपेक्षा करणे हे कलेच्या स्वायत्ततेला बाधक आहे. 'एकच प्याला' हे आरोग्यखात्याचे पत्रक नव्हे. हे मान्यच आहे. येथे आक्षेप नाटकावर नसून त्याच्या एकांगी ग्रहणावर आहे. नाटकात जे दिसते — इच्छाशक्तीचा ऱ्हास, समाजाने लावलेले दार, गीतेचा स्वर — तेच वाचले गेले असते, तर ते कलाकृतीचेच अधिक प्रामाणिक वाचन ठरले असते.

दुसरा आक्षेप अवचटांच्या लेखनावरचा, आणि त्यात तथ्य आहे. 'मुक्तांगणची गोष्ट' सांगणारा केंद्राच्या आतला आहे; त्याचा विश्वास हा त्या लेखनाचा प्राण आहे आणि मर्यादाही. जे परत आले त्यांचे आवाज ऐकू येतात. जे आलेच नाहीत, जे आले आणि वाचले नाहीत, त्यांच्या वाट्याला तेवढी जागा येणे अवघड होते. व्यसनी स्त्री तर मराठी साहित्यात अद्यापि जवळजवळ अदृश्य आहे. सिंधू आणि गीता या पिणाऱ्यांच्या बायका आहेत. पिणारी स्त्री स्वतः बोलत नाही. मुक्तांगणाला स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढावा लागला, यावरून वास्तव साहित्याच्या किती पुढे गेले आहे हे कळते.

व्यसनाला आजार म्हटल्याने व्यसनी माणूस जबाबदारीतून सुटतो, अशीही एक शंका घेतली जाते. या लेखनाचा प्रत्यय नेमका उलट आहे. दोषी ठरवलेल्या सुधाकराला करण्यासारखे एकच उरते : स्वतःला शिक्षा. ती तो विषाच्या रूपाने घेतो. रुग्णमित्राला मात्र रोज काही तरी करावयाचे असते : उठावयाचे, बोलावयाचे, फसवलेल्यांची क्षमा मागावयाची, संध्याकाळ टाळावयाची नाही तर पार पाडावयाची. आजार या शब्दाने अपराधाचे ओझे उतरते, कामाचे ओझे चढते.

हा प्रश्न केवळ वाचनाचा नाही, हे काही आकडे सांगतात. केंद्र शासनासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्यांची संख्या २ कोटी ९० लाखांच्या आसपास आहे. त्यांपैकी कोणताही उपचार मिळाला असे सांगणारे ३८ माणसांमागे एक, आणि दाखल होऊन उपचार मिळालेले १८० माणसांमागे एक. केंद्रे कमी आहेत, खर्च आहे, अंतरे आहेत. ही कारणे खरी आहेत. परंतु ज्या घराला उपचार परवडतो आणि ज्याच्या जवळ केंद्र आहे, तेही घर कित्येक वर्षे जात नाही. ते लपवते, शपथा घेते, गंडेदोरे बांधते, मुलाचे लग्न लावून पाहते. याचे कारण साधनांत सापडत नाही, ते समजुतीत आहे. हा आपल्या घरावरचा कलंक आहे, आणि त्याचा शेवट ठरलेला आहे, अशी ती समजूत. तिच्या घडणीत मराठीतील एका श्रेष्ठ नाटकाच्या अर्धवट वाचनाचा वाटा नाही, असे म्हणणे कठीण आहे.

म्हणून 'एकच प्याला' पुन्हा वाचले जाणे आवश्यक आहे, आणि 'गर्द' व 'मुक्तांगणची गोष्ट' यांच्या शेजारी ठेवून वाचले जाणे आवश्यक आहे. ही पुस्तके त्या नाटकाला खोडून काढत नाहीत. नाटकाने अर्ध्यावर सोडलेला एक प्रसंग ती पुढे नेतात. शुद्धीवर आलेला सुधाकर कामाच्या शोधात बाहेर पडला आहे आणि एकामागून एक दारे बंद होत आहेत, हा तो प्रसंग. मराठी रंगभूमीने त्याला तेथून मृत्यूकडे नेले, आणि त्या वाटेवर असामान्य सामर्थ्याचे नाट्य निर्माण केले. मराठी गद्याने पुढे दाखवून दिले की त्या रस्त्यावर आणखी एक दार असू शकते. ते दार उघडून आत गेलेल्या माणसाचे नाटक किंवा त्याची कादंबरी, 'एकच प्याला'च्या तोलाची, मराठीत अजून लिहिली गेलेली नाही. ती लिहिली जाईल तेव्हा 'व्यसन' या शब्दाचा हरवलेला दुसरा अर्थही भाषेला परत मिळालेला असेल.